हिरडीवरची निळी रेघ

आजी कधी कुठल्या डॉक्टरला देवमाणूस म्हणाली नाही. विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीत हा शब्द उठताबसता कानावर पडायचा. कुणाचं पोर न्यूमोनियातून उठलं, कुणाच्या सासऱ्याला मोतीबिंदू काढल्यावर दिसायला लागलं, की "देवमाणूस हो डॉक्टर!" असं म्हणून सांगणारा हात जोडायचा आणि विषय तिथं संपायचा. आजीचा विषय तिथून सुरू व्हायचा. "आसंल ना, देवमानूस आसंल. पर त्यानं क्येलं काय, त्ये सांग की." समोरचा गोंधळायचा. औषध दिलं, गुण आला, आणखी काय सांगणार? आजी जरा हिरमुसायची आणि मग स्वतःची गोष्ट काढायची. त्या गोष्टींत डॉक्टरचं नाव कधीच नसायचं, कारण तिला ते माहीत नव्हतं. त्यानं काय विचारलं, कुठं हात लावला, कशावर बसला, हे मात्र तिला चाळीस वर्षांनंतरही जसंच्या तसं आठवायचं.

ती जुन्नर तालुक्यातल्या ओतूरची. दुसरं महायुद्ध चालू असताना आजोबा माळशेज घाट उतरून कल्याणला आले. कल्याणच्या पलीकडच्या माळावर मिलिटरीचा ट्रान्झिट कॅम्प उभा राहत होता आणि बिगाऱ्यांना काम होतं. दोन हजारांवर बराकी तिथं बांधल्या गेल्या. युद्ध संपलं, पलटणी निघून गेल्या आणि थोड्याच दिवसांत फाळणीनं सिंधमधून हुसकावलेली माणसं त्याच बराकींत येऊन पडली. एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं, मधे गोणपाटाचे पडदे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी आले, कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाला उल्हासनगर नाव मिळालं. आजीनं ते नाव कधी घेतलं नाही. तिच्या तोंडी शेवटपर्यंत ‘कॅम्प’ होता. आमच्याकडं अजूनही पत्ता सांगताना माणसं कॅम्प तीन, कॅम्प चार असंच म्हणतात. विठ्ठलवाडी ही त्या कॅम्पाची आणि कल्याणची शीव. एका अंगाला सिंधी, दुसऱ्या अंगाला आमच्यासारखे घाटावरून आणि कोकणातून आलेले, मधून वालधुनी. आभाळ मोकळं असलं की मलंगगड दिसतो.

माझ्या वडिलांच्या आधी आजीची दोन मुलं गेली होती. दोन्ही बाळंतपणं ओतूरला झाली. पहिलं सहाव्या दिवशी गेलं, दुसरं आठव्या. गावात म्हणाले, सटवीनं नेलं. तिसऱ्या खेपेला, १९५४ साली, आजोबांकडं तिला गावी धाडायला खर्चीच नव्हती, म्हणून ती इथंच राहिली. शेजारच्या बराकीतल्या सिंधी बाईनं तिला कॅम्पातल्या दवाखान्यात ओढत नेलं. तिथं एक लेडी डॉक्टर होती. तीही सिंधमधूनच आलेली, घरदार तिकडं टाकून.

आजी सांगायची, "तिची बोली मला कळंना, माजी तिला. पर तिनं हात धरला, म्हनली, अदी. अदी म्हंजी बहीन, ह्ये मला ठावं व्हतं. मंग इचारलं, आदीची कशी ग्येली?" आजी म्हणाली, सटवी. लेडी डॉक्टरनं मान हलवली आणि पुन्हा विचारलं. अंगावर पीत होतं का? कधी थांबलं? जबडा उघडत होता का? अंग धनुकलीसारखं वाकत होतं का? हे सगळं खुणांनी. दातावर दात दाबून दाखवायचं, पाठ ताणून दाखवायची. आजी म्हणायची, ती बाई माझ्यापुढं माझ्या मेलेल्या लेकरागत वाकली आणि मला हुंदका फुटला, कारण तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनं बरोबर तसंच करून दाखवलं. शेवटचा प्रश्न होता तो नाळेचा. नाळ कशानं कापली? आजीनं हातानं गवत कापल्याची खूण केली. विळा. आणि वर काय लावलं? राख, आणि शेण.

बाकी सगळं त्या एका खुणेत होतं. नवजात बाळाचा धनुर्वात. मातीतले, शेणातले जंतू विळ्यावरून आणि राखेतून नाळेत शिरतात. बाळ दोन-तीन दिवस चांगलं पितं, मग ओठ आवळतात, पिणं थांबतं, अंग ताठतं आणि पहिल्या आठवड्याच्या आगेमागे सगळं संपतं. सहावा दिवस, आठवा दिवस. पाचवीच्या पूजेला कोरा कागद आणि लेखणी ठेवून सटवी नशीब लिहायला येते असं आपण ज्या दिवसांबद्दल म्हणत आलो, ते हेच दिवस. देशात हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून आटोक्यात आल्याचं जाहीर झालं ते २०१५ साली. आजीच्या दारात ते ज्ञान एकसष्ट वर्षं आधी आलं होतं, एका निर्वासित बाईच्या हातून, हातवाऱ्यांनी.

वडिलांचा जन्म त्या दवाखान्यात झाला. ब्लेड उकळलेलं, दोरा उकळलेला. नाळेवर काही लावायचं नाही, अगदी काही नाही, हे त्या बाईनं आजीला इतक्यांदा बजावलं की चाळीतल्या प्रत्येक बाळंतिणीला आजी तेच बजावत राहिली.

या गोष्टीला आजी एक शेपूट जोडायची. ते शेपूट कुठून आलं हे मला मोठेपणी कळलं. कल्याणला पारनाक्यावर एका ब्राह्मणाच्या वाड्यात ती धुण्याभांड्याला जायची. तिथल्या म्हाताऱ्या काकू तिला कल्याणच्याच जोशांच्या मुलीची गोष्ट सांगायच्या. माहेरचं नाव यमुना, नवव्या वर्षी लग्न झालं, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. औषधपाणी मिळालं असतं तर जगलं असतं, हे तिच्या मनानं घेतलं आणि ती साता समुद्रापलीकडं जाऊन डॉक्टर झाली. डॉ. आनंदीबाई जोशी. मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली, कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली, पण क्षयानं पोखरलेली ती बाई फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेली. बावीस पुरी झाली नव्हती. इथल्या एकाही बाळंतिणीला तिचा हात लागायचा राहून गेला. आजीला अमेरिका ठाऊक नव्हती. तिच्या डोक्यात फक्त ‘धा दिसाचं लेकरू’ बसलं होतं. म्हणून वडील जन्मल्यावर ती भिंतीवर कोळशानं रेघा ओढत राहिली. दहा रेघा झाल्या आणि अकराव्या दिवशी ओली बाळंतीण असूनही, सासूचं न ऐकता, ती पोर पदराखाली घेऊन दवाखान्यात गेली. लेडी डॉक्टरला म्हणाली, बघ. त्या बाईनं पोराचा ओठ बोटानं खाली केला, बोट तोंडात दिलं आणि पोरानं ते चोखलं. "तवा ती रडली," आजी म्हणायची. "म्या न्हाय."

आता आजोबांची गोष्ट. आमच्या घरात तीच सगळ्यांत जास्त वेळा सांगितली गेली आणि तिचा पुरावा अजून आमच्या पेटीत आहे.

कॅम्पाचं काम संपल्यावर आजोबा इथंतिथं मजुरी करत करत अंबरनाथच्या एका लहानशा रंगाच्या कारखान्यात लागले. लाल पूड चाळायची, जवसाच्या तेलात घोटायची, डबे भरायचे. पुलांच्या लोखंडाला गंज चढू नये म्हणून पहिला हात मारतात तो रंग. घरी आले की त्यांच्या पापण्या, कानामागचा भाग, नखं, सगळं केशरी दिसायचं. आजी म्हणायची, मारुतीच जणू घरी आला. तिला ते आवडायचं. ती पूड म्हणजे दुसरंतिसरं काही नव्हतं, शेंदूरच. शिसं भट्टीत तापवून तापवून त्याचा शेंदूर करतात. पारावरच्या मारुतीला शनिवारी आपण तेलात कालवून जो फासतो, तोच.

दोन-तीन वर्षांनी आजोबांचं पोट दुखायला लागलं. साधं दुखणं नव्हतं. बेंबीभोवती पीळ पडायचा, आठआठ दिवस शौचाला व्हायचं नाही, तोंड पांढरंफटक पडायचं. आजीनं एक गोष्ट हेरली होती. हा माणूस उताणा निजत नाही. पोटाखाली उशी घेतो, कधी पाट घेतो, आणि पालथा पडून त्यावर भार देतो, तेव्हा त्याला जरा बरं वाटतं. हे तिनं तीन ठिकाणी सांगितलं. एका ठिकाणी कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या ठिकाणी जंत म्हणून औषध दिलं. तिसऱ्या ठिकाणी अपेंडिक्स म्हणाले, ऑपरेशनचा आकडा सांगितला, आणि आजोबांच्या अंगाला हात न लावता सांगितला. चाळीत करणीची कुजबुज सुरू झाली. मलंगगडाला नवस बोलून झाला.

१९६२ च्या हिवाळ्यात ती त्यांना घेऊन परळला गेली. केईएम. कल्याणपर्यंत रुळांच्या कडेनं चालत, मग गाडी, दादरला गाडी बदलून परळ. आमच्या भागातल्या गरिबाला मोठं दुखणं झालं की हाच रस्ता होता आणि पुष्कळांना तो अजूनही आहे. १९२६ साली मुंबई महापालिकेनं हे रुग्णालय आणि त्याला जोडून सेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा देणगीमागची एक अट होती की इथं शिकवणारे डॉक्टर भारतीय असावेत, कारण तोवर मोठ्या जागांवर गोऱ्यांचीच मक्तेदारी होती. अशा अटीतून उभं राहिलेलं हॉस्पिटल. त्याच्या जिन्यांवर, पॅसेजमध्ये, बाहेरच्या फुटपाथवर गावोगावची माणसं वळकट्या घेऊन बसलेली असतात. आजीही दोन रात्री तशी बसली.

तिसऱ्या दिवशी ओपीडीत नंबर लागला. समोर तरुण डॉक्टर, मागे म्हणे निदान शंभर माणसं. त्यानं आजोबांना बाकावर निजवलं. आजोबा सवयीनं पालथे झाले. वॉर्डबॉय ओरडला, सरळ हो. डॉक्टर म्हणाला, थांब. त्याला तसंच राहू दे. मग त्यानं पायानं स्टूल ओढलं, बसला आणि आजीला विचारलं, "बाई, हे घरी पण असेच झोपतात?"

आजी इथं नेहमी थांबायची. ज्या गोष्टीसाठी तीन ठिकाणी तिला वेड्यात काढलं, ती त्यानं स्वतःहून विचारली होती. पोटाला सूज असली, अपेंडिक्स असलं, तर माणूस पोटाला हात लावू देत नाही. हा तर दाबल्यावर सुखावत होता. डॉक्टरनं आजोबांकडं पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. "बाबा, काम काय करता?"

रंगाच्या कारखान्यात, आजोबा म्हणाले. कसला रंग? लाल, पुलाचा. डॉक्टर उठला, खिडकीपाशी उजेडात त्यांना उभं केलं आणि अंगठ्यानं त्यांचा खालचा ओठ खाली ओढला. दात आणि हिरडी जिथं मिळतात तिथं एक निळसर काळी रेघ होती. आजोबा मिश्री लावायचे. डॉक्टरनं कापसाच्या बोळ्यानं ती जागा पुसली. मिश्री निघाली, रेघ राहिली. मग त्यानं आजूबाजूला काहीतरी शोधलं, सापडलं नाही, आणि समोरच्या केसपेपरचा कोरा कोपरा टर्रकन फाडला. ती कागदाची चिमटी त्यानं दात आणि हिरडीच्या मधे सरकवली. मागं पांढरा कागद आला तशी ती रेघ हिरडीच्या मांसात ठळक उमटली. "हितं बगा," तो आजीला म्हणाला. तिलाही दाखवली. आजी म्हणायची, माझ्या घरच्या माणसाच्या तोंडात काय आहे हे मला पहिल्यांदा कुणीतरी बोलावून दाखवलं.

पुढं मी ही रेघ पुस्तकांत शोधली. लंडनचे डॉक्टर हेन्री बर्टन यांनी १८४० मध्ये तिची नोंद केली म्हणून तिला बर्टनची रेघ म्हणतात. रक्तातलं शिसं आणि दातांच्या फटींतल्या जंतूंनी तयार केलेला गंधकाचा वायू यांचा संयोग होऊन हिरडीत काळा क्षार साठतो. मागं कागद सरकवायची युक्ती जुन्या डॉक्टरांना ठाऊक असे, कारण दातावरचा मळ कोणता आणि हिरडीतला डाग कोणता हे त्यानं कळतं. त्या तरुण डॉक्टरला हे कुणीतरी शिकवलं होतं, त्यानं ते लक्षात ठेवलं होतं आणि मागं शंभर माणसं उभी असतानाही वापरलं होतं. मला यात फार मोठी माया दिसते. गोड बोलणं तिच्यात जवळजवळ नव्हतंच. आजीच्या आठवणीप्रमाणे तो एकदाही हसला नाही.

आणखी एक गोष्ट मला पुस्तकांत भेटली आणि ती वाचताना अंगावर काटा आला. इटलीत बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे एक वैद्य होऊन गेले. कामगारांच्या रोगांवरचं त्यांचं पुस्तक १७०० साली निघालं. त्यात ते वैद्यांना सांगतात की कष्टकऱ्याच्या घरी गेलात तर तिथल्या तिपाईवर बसा, घाई करू नका, आणि पूर्वीच्या वैद्यांनी सांगितलेल्या प्रश्नांत आणखी एकाची भर घाला: काम काय करतोस? स्टूल आणि प्रश्न. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या दोन्ही गोष्टी परळच्या ओपीडीत आमच्या आजोबांच्या वाट्याला आल्या.

रक्त तपासलं. लाल पेशींत निळे ठिपके निघाले, तेही शिशाचंच लक्षण. आजोबांना दाखल करून घेतलं, शिरेतून कॅल्शियमची इंजेक्शनं दिली, पीळ उतरला. डॉक्टर रोज राउंडला आला की त्यांना दोन्ही हात पुढं ताठ धरायला लावायचा. शिसं पुढं मनगटाच्या नसा मारतं, पंजे लुळे लोंबायला लागतात. तसं काही सुरू झालंय का, ते तो बघत होता. सुटी देताना त्यानं आजीला जवळ बोलावून सांगितलं की हा माणूस परत त्या कामावर गेला तर पुढच्या वेळी हात जातील, मग डोकं. कामावर असताना डबा खायच्या आधी हात धुवायचा का, बिडी कुठल्या हातानं ओढायचा, हे सगळं विचारून घेतलं. आणि एक शेवटचा प्रश्न: तिथं आणखी कुणाचं पोट दुखतं का? आजोबांनी तिघांची नावं सांगितली. त्यानं ती लिहून घेतली आणि एक छापील कागद भरला.

तो कागद काय होता हे आजीला कळलं नव्हतं. मला वाटतं, तो कारखाने निरीक्षकाकडं जाणारा असावा. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ८९ व्या कलमानुसार ठरावीक व्यवसायजन्य रोग आढळला तर डॉक्टरनं सरकारला कळवणं बंधनकारक होतं आणि त्या रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा पहिली होती. कायदा होता, पण हिरडीच बघितली नाही तर कळवणार काय?

कारखान्यानं आजोबांना कमी केलं. ते कल्याणच्या एका लाकडाच्या वखारीत लागले, पगार कमी झाला आणि ते एकोणतीस वर्षं आणखी जगले. चाळीतल्या मारुतीला त्यांनी पुन्हा शेंदराचा हात लावला नाही, आजीनंही लावू दिला नाही. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर जाऊ नये असा नियम आपल्याकडं व्हायला मात्र २०१६ साल उजाडलं.

नर्सांचा उल्लेख राहिला तर आजीला चालायचं नाही. इंजेक्शन डॉक्टरनं लिहिलं, दिलं कुणी? वॉर्डात रात्री दोनदा फेरी मारून आजोबांच्या अंगावरचं पांघरूण सारखं करणारी सिस्टर तिच्या गोष्टीत असायचीच. पुढं त्याच केईएमच्या नर्सांनी आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ ला त्या जाईपर्यंत सांभाळलं. अंथरुणाला खिळलेल्या त्या बाईला इतक्या वर्षांत एकही बेडसोर झाला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या निकालात घेतली. ज्यांनी घरी लकव्याचा माणूस सहा महिने जरी फिरवून निजवला असेल, त्यांना या एका ओळीचा अर्थ कळेल.

मी स्वतः पाहिलेली गोष्ट २००५ ची. २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडं उल्हास आणि वालधुनी दोन्ही फुगल्या. वडील कल्याणहून छातीभर पाण्यातून घरी आले, पायाला खरचटलेलं. नवव्या दिवशी ताप चढला. जवळच्या एका दवाखान्यात दोन मिनिटांत गोळ्या मिळाल्या, व्हायरल आहे, साथ आहे. डॉक्टरनं मान वर करून पाहिलं असतं तर वडिलांचे डोळे तांबडे झालेले दिसले असते. दोन दिवसांनी लघवी कमी झाली आणि आम्ही पुन्हा तोच रस्ता धरला, मुंबई, महापालिकेचं मोठं रुग्णालय.

कॅज्युअल्टीत पाय ठेवायला जागा नव्हती. पूर ओसरल्यावर तापाची लाट आली होती. रात्रीच्या दीडला एक निवासी डॉक्टर आली. पंचविशीची असेल, मराठवाड्याकडची बोली, केस विस्कटलेले, एप्रनच्या खिशाला शाईचा डाग. तिनं केसपेपरवरचं काही वाचलं नाही. खाली वाकून वडिलांच्या दोन्ही पोटऱ्या मुठीत धरल्या आणि दाबल्या. वडील ओरडले. "काका, पाण्यात किती वेळ होतात? पायाला जखम होती का?"

लेप्टो. उंदराच्या मुतानं दूषित झालेलं पाणी जखमेतून शिरतं, पोटऱ्या दगडासारख्या दुखतात, डोळे लाल होतात आणि वेळेवर पेनिसिलिन मिळालं नाही तर मूत्रपिंड बसतं. तिनं तिथल्या तिथं पहिलं इंजेक्शन दिलं, तपासणीच्या रिपोर्टची वाट पाहिली नाही. खाट नव्हती, जमिनीवर गादी घातली. पुढचे तीन दिवस ती दर काही तासांनी यायची आणि लघवीची बाटली उजेडात धरून आकडा लिहायची. जमिनीवर बसून लिहायची, कारण स्टूलही नव्हतं. एकदा पहाटे मी पाहिलं तर ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती, पेन उघडं, कागदावर ‘४५०’ लिहून शून्यापुढं रेघ ओढलेली. मी तिला हाक मारली नाही. पाच मिनिटांत तिचीच मान वर झाली आणि तिनं पहिली गोष्ट विचारली ती ही: "काकांनी चहा घेतला?"

मला इथं एक स्पष्ट बोलायचं आहे. त्या मुलीला त्या आठवड्यात किती तास झोप मिळाली असेल, याचा विचार केला की राग येतो. तिच्या कळवळ्यावर हॉस्पिटलं चालवायची आणि खाटा, माणसं, पगार वाढवायचे नाहीत, हे बरोबर नाही. चांगुलपणा शिल्लक आहे म्हणून काटकसर करता येते, असा हिशेब कुणी करत असेल तर तो चुकीचा आहे.

वडील अकराव्या दिवशी घरी आले. आजी तेव्हा ऐंशीच्या जवळ होती, डोळ्यांनी अधू. तिनं लेकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "बरं, डाक्टरीन चांगली व्हती म्हनतोस. तिनं क्येलं काय?"

आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर देता आलं. पोटऱ्या दाबल्या, आजी. आजीनं हात पुढं करून माझीच पोटरी दाबून पाहिली. अशी? अशीच, जरा जोरात. ती बराच वेळ माझी पोटरी धरून बसली होती.

पुढं २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचं शेंदराचं जुनं लेपन उतरवलं आणि खालचं मूळ रूप पुढं आलं. शेकडो वर्षं भाविकांनी भक्तीनंच ते थर चढवले होते. ती बातमी वाचली तेव्हा आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिचा ‘देवमाणूस’ या शब्दावरचा राग मला तेव्हा नीट समजला. डॉक्टरला शेंदूर फासला की त्यानं स्टूल ओढलं होतं, ओठ खाली केला होता, नाळ कशानं कापली असं विचारलं होतं, ते सगळं थराखाली जातं. पुढच्या डॉक्टरकडून काय मागायचं हेच मग आपल्याला कळत नाही. आणि नव्या डॉक्टरलाही कुणी सांगत नाही की बाबा रे, तुझ्यासारख्या एकानं हे असं केलं होतं आणि एक माणूस एकोणतीस वर्षं जगला.

कोपरा फाटलेला तो केसपेपर आमच्याकडं आहे. पिवळा पडलाय, घडीवर विरलाय, वरची सही कुणाला वाचता येत नाही. निदानाच्या ओळीत दोन इंग्रजी शब्द आहेत आणि त्यांच्या वर, वेगळ्या ओळीत, ‘रंग कामगार’.

विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, शहाड या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांत असे कागद असतील. भट्टीवर काम केलेल्यांचे, सूत कातलेल्यांचे, काडेपेट्या भरलेल्यांचे, जीन्सच्या रंगात हात बुडवलेल्यांचे. घर आवरताना ते रद्दीत देऊ नका. घरातलं म्हातारं माणूस अजून बोलतं असेल तर त्याच्याजवळ बसा, डॉक्टरनं काय विचारलं होतं ते विचारा, आणि त्या कागदाच्या पाठीमागं पेन्सिलीनं लिहून ठेवा: माणूस काम काय करायचा, किती वर्षं, आणि त्याच्या अंगाला पहिल्यांदा कुणी, कुठं हात लावून पाहिलं.